बरं वाटतंय, पण दिवस कसा जातो?

सातारा जिल्ह्यात मनोविकारांच्या कामात सामाजिक कार्यकर्ती म्हणून मी बरीच वर्षं घरोघर फिरते आहे. या खेपेला निवडलेली तिन्ही पत्रं स्किझोफ्रेनियाचे उपचार चालू असलेल्या घरांतली आहेत. लक्षणं कमी झाल्यावर माणसाचं रोजचं वागणं-वावरणं किती सुधारलं, हे मोजायचं कसं आणि मोजून त्याचं करायचं काय, असा तिघांचाही प्रश्न आहे. नावं अर्थातच छापलेली नाहीत.

"ताई, माझा धाकटा भाऊ ३१ वर्षांचा आहे. आयटीआय केलेला फिटर. आठ वर्षांपूर्वी आजार सुरू झाला. आता गोळ्या नियमित घेतो, कानात आवाज येणं थांबून दीड वर्ष झालं. डॉक्टर म्हणतात, औषधाला उत्तम प्रतिसाद आहे. पण तो सकाळी दहाला उठतो, सांगितल्याशिवाय आंघोळ करत नाही, जेवतो आणि पुन्हा पडून राहतो. मागे दवाखान्यात एका बाईंनी आम्हाला बरेच प्रश्न विचारले आणि शंभरपैकी ४५ गुण दिले. वडील म्हणतात, नापास झाला. गोळ्या बदलायला सांगू का? की हा नुसता आळस आहे?"
– एक बहीण, कराड तालुका

ताई, वडिलांना आधी एवढं सांगा की हे परीक्षेचे गुण नाहीत. यात पास-नापास नसतं. आणि घरात 'आळस' हा शब्द आजपासून बंद करा. आठ वर्षं या आजाराशी झगडून, गोळ्या न चुकवता घेणाऱ्या माणसाला तो शब्द फार लागतो. तो बोलून दाखवत नसेल, पण लागतो.

तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं खरं आहे आणि तुमचंही. दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलताय. डॉक्टर बघतात ती लक्षणं: आवाज, संशय, विचारांची गुंतागुंत. त्यासाठी 'पॅन्स' नावाची ३० मुद्द्यांची मोजपट्टी १९८७पासून वापरात आहे. औषधं या लक्षणांवर चांगली चालतात. पण आपण होऊन उठावं, काही करावं, कुणाकडे जावं, ही आतली उभारी आजारात जी आटते तिच्यावर गोळ्यांचा जोर कमी पडतो. लक्ष न टिकणं, सांगितलेलं विसरणं यावरही तसंच. त्यामुळे आवाज थांबले तरी दिवस रिकामाच राहिला, असं पुष्कळ घरांत होतं. तुमचं घर त्याला अपवाद नाही आणि तुमच्या भावात काही खोट आहे असंही नाही.

वर्णनावरून त्या बाईंनी वापरली ती 'पीएसपी' मोजपट्टी असावी. मोरोसिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती इटलीत तयार केली आणि २०००मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात चार गोष्टी बघतात: उपयोगाचं काम (नोकरी, शिक्षण, घरकाम सगळं त्यात आलं), माणसांशी नाती, स्वतःची निगा, आणि इतरांना त्रास होईल असं किंवा आक्रमक वागणं. सत्तरच्या वर गुण म्हणजे अडचणी किरकोळ. तीस किंवा त्याखाली म्हणजे सतत कुणीतरी सोबत लागेल अशी स्थिती. मधला पट्टा मोठा आहे आणि आपल्याकडची बहुतेक माणसं मला त्या मधल्या पट्ट्यातच भेटतात. ४१ ते ५० याचा अर्थ साधारण असा की पहिल्या तीनपैकी दोन-तीन बाबतींत ठळक अडचण आहे, किंवा एखाद्या बाबतीत फार मोठी आहे. तुमच्या पत्रावरून मला काम आणि स्वतःची निगा ही दोन दिसतात. आक्रमकपणाचं तुम्ही अक्षरही लिहिलेलं नाही, ही जमेची मोठी बाजू आहे. घरात कुणी ती मोजत नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

पण ४५ या आकड्याने मला तुमचा भाऊ कळत नाही. तो आकडा कशातून आला, ते मला हवं असतं. म्हणून मी घरी गेले की "आंघोळ करतो का?" असं विचारतच नाही. त्याला "हो, करतो की" हे उत्तर ठरलेलं असतं. मी विचारते: काल आंघोळ केली का? किती वाजता? पाणी कुणी तापवलं? कपडे कुणी काढून ठेवले? किती वेळा सांगावं लागलं? दोनदा सांगून आंघोळ करणारा आणि न सांगता करणारा, दोघंही 'आंघोळ करतो' या एकाच उत्तरात बसतात. पण त्यांच्या आयुष्यात फार अंतर आहे. आई चार दिवस माहेरी गेली तर पहिल्याची आंघोळ थांबते.

आणखी एक फरक याहून महत्त्वाचा आहे. बर्मिंगहॅममध्ये मॅक्स बर्चवुड आणि सहकाऱ्यांनी १९९०मध्ये एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिच्यात स्वावलंबनाचे दोन वेगळे भाग केलेले आहेत: एखादी गोष्ट येते का, आणि ती प्रत्यक्षात केली जाते का. मला ही विभागणी फार मोलाची वाटते. तुमचा भाऊ फिटर आहे. घरातला नळ गळत असेल तर पाना त्याच्या हातात देऊन बघा. त्याने व्यवस्थित वायसर बदलला, तर हातातली कला शाबूत आहे, सुरुवात तेवढी होत नाही. अर्ध्यात थांबला, पुढे काय करायचं ते विसरला, तर अडचण लक्षाची आणि स्मरणाची आहे. तिथे काम तुकड्यांत सांगावं लागेल, क्रम कागदावर लिहून द्यावा लागेल. आणि "नको रे, राहू दे, प्लंबरला बोलावते" असं म्हणत आईनेच पाना काढून घेतला, तर गुण भावाचे कमी झाले, पण अडचण घराच्या भीतीत आहे. आजाराच्या पहिल्या वर्षांत घराने जे भोगलेलं असतं, त्यामुळे ही भीती बसते. मी कुणाला दोष देत नाही. पण कित्येक घरांत आजार मागे हटतो आणि भीती तशीच बसून राहते: गॅसला हात लावू नको, पैसे घेऊन जाऊ नको, एकटा एसटीत बसू नको.

आता गोळ्यांचं. बंद करू नका, घरच्या घरी कमी-जास्तही करू नका. पण डॉक्टरांना "नुसता पडून असतो" एवढंच सांगितलं, तर त्यांच्या हाती काही लागत नाही. रात्रीची गोळी किती वाजता घेतो आणि सकाळी डोळे कधी उघडतात, ते सांगा. चालताना हात हलतात का? अंग ताठ वाटतं का? हात थरथरतो का? की एका जागी बसवतच नाही, सतत येरझारा घालतो? यातलं काही औषधामुळे असेल तर वेळ किंवा मात्रा बदलून पुष्कळदा फरक पडतो. मन उदास असतं का, रडू येतं का, जगण्याला कंटाळल्यासारखं बोलतो का, हेही सांगा. उदासी वेगळी असते, तिचा उपचारही वेगळा. जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलला तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेच्या मोफत क्रमांकावर चोवीस तास कुणीतरी असतं.

घरी काय करायचं? एकच काम निवडा, तेही त्याला विचारून. माझी पसंती दळणाला असते. डबा घ्यायचा, गिरणीपर्यंत चालत जायचं, ज्वारी बारीक हवी की जाडसर ते गिरणीवाल्याला सांगायचं, नंबर येईपर्यंत चार माणसांत थांबायचं, पैसे द्यायचे, सुटे मोजून घ्यायचे, डबा घरी आणायचा. एवढ्या एका कामात कष्ट, बोलणं, धीर आणि व्यवहार सगळं येतं, आणि संध्याकाळी त्याने आणलेल्या पिठाची भाकरी घर खातं. पहिल्या खेपेला तुम्ही सोबत जा, पुढे गिरणीच्या कोपऱ्यापर्यंत, मग दारापर्यंत. वहीत तीनच खुणा करा: आपणहून केलं, सांगितल्यावर केलं, झालं नाही. झालं नाही त्या दिवशी काही बोलू नका, नुसती खूण करा. लंडनमध्ये १९७०च्या दशकात झालेल्या अभ्यासांत दिसलं होतं की ज्या घरांत माणसाला सतत बोल लावले जातात, तिथे आजार उलटण्याचं प्रमाण जास्त असतं. हे मी वडिलांसाठी लिहिते आहे, त्यांना वाचून दाखवा.

तीन-चार महिन्यांनी 'सांगितल्यावर'च्या खुणा कमी होऊन 'आपणहून'च्या वाढल्या, तर शंभरातला आकडा ४५च राहिला तरी भाऊ पुढे गेला असं समजा. दहा-दहाच्या पट्ट्यांत मोजणाऱ्या पट्टीला एवढी लहान हालचाल दिसत नाही. ती वही पुढच्या भेटीला घेऊन जा. आणि शेजारच्या मुलाशी, आजाराआधीच्या त्याच्याशी तुलना नको. गेल्या दिवाळीतल्या त्याच्याशी करा.

"मी एसटीतून निवृत्त झालेला चालक. मुलगी २७ वर्षांची, बी.कॉम., पाच वर्षांपासून स्किझोफ्रेनिया. पहिल्यांदा अपंगत्वाचा दाखला मिळाला तेव्हा आयडियाज का काय त्यात ८ गुण होते. आता नूतनीकरणाला गेलो तर ६ आले आणि ४० टक्क्यांच्या खाली गेली म्हणून सांगितलं. सवलती गेल्या. मुलगी सुधारली याची ही शिक्षा आहे का? पुढच्या वेळी थोडं वाढवून सांगितलं तर चालेल का?"
– एक वडील, चिपळूण

काका, वाढवून सांगू नका. पण माझी शंका अशी आहे की तुम्ही या वेळी कमी सांगितलंत.

हिशेब असा असतो. 'आयडियाज' ही इंडियन सायकियाट्रिक सोसायटीच्या पुनर्वसन समितीने आपल्या देशासाठी बनवलेली मोजपट्टी. स्वतःची निगा, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम या चार बाबींना प्रत्येकी शून्य ते चार गुण. इथे जास्त गुण म्हणजे जास्त अडचण. त्यात आजाराला किती वर्षं झाली त्याचे एक ते चार गुण मिळवतात. एकूण वीस. सात किंवा त्याहून जास्त झाले की ४० टक्के धरतात आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या बहुतेक सवलती तिथून पुढे सुरू होतात. मुलीचे सहा आले, म्हणजे एका गुणाचा प्रश्न आहे. आणि एक गुण इकडचा तिकडे व्हायला बापाचं एक वाक्य पुरतं.

विचारणारे विचारतात, "स्वयंपाक करते का?" आणि बाप म्हणतो, "सगळं करते, साहेब." लग्नाच्या वयाच्या मुलीबद्दल परक्यासमोर उणं बोलायचं नाही, ही आपली वर्षानुवर्षांची सवय. खोटं बोलायचा हेतू नसतो, माया असते त्यात. पण घरी प्रत्यक्षात काय होतं? भाजी कोणती करायची ते कोण ठरवतं? मीठ घातलं का हे आई मागे उभी राहून विचारते का? कुकर लावून ती विसरते का? बाजारातून एकटी चार वस्तू आणते का, की यादी असूनही दोनच येतात? हळदीकुंकवाला गेली तर बसते, की दारातूनच परत फिरते? या मोजपट्टीत घरकाम हे कामच धरलेलं आहे, त्यामुळे ही उत्तरं थेट गुणांत उतरतात. आईला सोबत न्या, कारण हे तुम्हाला नाही, आईला माहीत असतं.

चार बाबींत कुठे किती गुण दिले, ते विचारा. उत्तर आणि वस्तुस्थिती यांत फरक दिसला तर कायद्यात अपिलाची सोय आहे, ती वापरा. महिनाभराची नोंद हातात असेल तर बोलणं सोपं जातं.

आणि सगळं खरं सांगूनही सहाच आले तर? मग सहा आले. दाखला गेला तरी उपचाराचा हक्क जात नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला तो हक्क टक्केवारीवर अवलंबून नाही.

'शिक्षा' हा तुमचा शब्द मात्र मला खोडून काढता येत नाही. मुलगी वर येते आहे आणि नेमका तेव्हाच प्रवासाचा, शिकण्याचा, नोकरीतल्या आरक्षणाचा आधार काढून घेतला जातो, ही रचना चुकीची आहे असं माझं ठाम मत आहे. सुधारणेच्या पहिल्या वर्षांत माणसाला सगळ्यात जास्त टेकू लागतो. दाखल्याच्या भीतीने मुलीला कामावर न पाठवणारी घरं मी पाहिली आहेत. असं करू नका, काका. दाखल्याचा आकडा दाखल्यापुरता. तिला काय जमायला लागलं, त्याची वही वेगळी ठेवा आणि ती तिच्याच हाताने लिहू द्या. बी.कॉम. झालेली आहे, हिशेब तिला आवडत असेल.

"मी स्वतः पेशंट आहे. वय २९, पुणे. सकाळी चार तास झेरॉक्सच्या दुकानात काम करतो. दवाखान्यात फॉर्म भरताना माझ्याबद्दलचे प्रश्न आईला विचारतात. मला एकच मित्र आहे, आम्ही रविवारी भेटतो. फॉर्ममध्ये एक मित्र म्हणजे कमी. मला तेवढं पुरतं. मग हे मोजमाप माझं आहे की लोकांच्या अपेक्षांचं? दुसरं, मालक आठ तास ये म्हणतात, आई नको म्हणते. काय करू?"
– एक वाचक

तुमचा पहिला प्रश्न या कामात असलेल्या प्रत्येकाने वाचावा असा आहे.

घरच्यांना विचारण्याला कारण आहे. काही वेळा आजारात स्वतःच्या अडचणी स्वतःला दिसत नाहीत, आणि घरच्यांना दिसतात. पण घरच्यांना दिसतं ते घराच्या आतलं. दुकानात गिऱ्हाईक घाईत असताना तुम्ही पाठपोट प्रती न चुकता काढून देता, हे आईने कधी पाहिलं आहे का? फक्त तिचंच ऐकून भरलेला कागद तुमचे चार तास वगळून भरलेला असतो. दोघांना वेगवेगळं विचारावं, आणि उत्तरं जुळली नाहीत तर ती तफावतच नीट लिहून ठेवावी, असं मी करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'व्होडास २.०' मोजपट्टीत तर थेट तुम्हालाच विचारायची सोय आहे: गेल्या ३० दिवसांत समजून घेणं, फिरणं, स्वतःची निगा, माणसांशी जुळवून घेणं, रोजची कामं आणि समाजात भाग घेणं, या सहा बाबतींत तुम्हाला किती अडचण आली. बारा प्रश्नांची छोटी आवृत्तीही आहे. पुढच्या भेटीला ती मागा. आई उत्तरं देत असताना मलाही खोलीत बसायचं आहे, असंही सांगा. तुमच्या उपचाराच्या नोंदी बघण्याचा हक्क २०१७च्या कायद्याने तुम्हाला दिला आहे.

मित्राबद्दल मी एवढंच विचारेन: आणखी कुणी हवं आहे आणि जमत नाही, की हवंच नाही? दोन्हींत आकडा एकच, एक. पहिलं असेल तर ती अडचण आहे आणि तिच्यावर काम करता येतं. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी सुरू केलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनसारखी स्वमदत गटांची जागा आहे, तिथे आधी काही न सांगताही समोरच्याला कळतं. दुसरं असेल, तर तुमचा रविवार पुरेसा आहे आणि तो कुणी उणा धरू नये. स्किझोफ्रेनियावर काम करणाऱ्या चेन्नईच्या 'स्कार्फ' संस्थेने १९९०च्या दशकात आपल्या समाजासाठी एक निर्देशांक बनवला. त्यात स्वतःची काळजी आणि काम यांच्या जोडीला घरातली आणि समाजातली भूमिकाही बघतात. बाहेरून आलेल्या पट्ट्या मित्र मोजतात. आपल्याकडे आईला औषध आणून देणारा, बहिणीच्या मुलांना शाळेत सोडणारा माणूसही नात्यांत रुजलेला असतो. तुम्ही असं काही करत असाल तर ते आपणहून सांगा, कारण प्रश्नात ते असेलच असं नाही.

माणसाच्या अवतीभवती जाऊन केलेल्या कामाचा उपयोग होतो, हे मोजूनही झालं आहे. सातारा, गोवा आणि तामिळनाडूत २८२ जणांवर वर्षभर एक अभ्यास झाला, तो २०१४मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नेहमीच्या दवाखान्याच्या उपचाराला प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांच्या घरभेटींची जोड दिली, तेव्हा लक्षणं आणि 'आयडियाज'वरचं अपंगत्व नुसत्या दवाखान्यापेक्षा थोडं जास्त कमी झालं. फरक मोठा नव्हता. मी तो छोटा मानत नाही, कारण त्या 'थोड्या'त कुणीतरी पुन्हा कामावर गेलेलं असतं.

आता आठ तासांचं. एकदम आठ नकोत, आणि चारवर अडून राहायचंही कारण नाही. मालकांशी बोलून आधी पाच करा आणि महिनाभर तसंच राहू द्या. त्या महिन्यात तीन गोष्टी रोज एका ओळीत लिहा: झोप किती झाली, गोळी वेळेवर घेतली का, आणि शेवटच्या तासाला डोकं कसं होतं. झोप मोडायला लागली, चिडचिड वाढली किंवा लोक आपल्याबद्दल बोलताहेत असं पुन्हा वाटू लागलं, तर लगेच चारवर या आणि डॉक्टरांना भेटा. तसं काही झालं नाही तर सहा करा. नवीन आर्थिक वर्षाच्या किंवा कॉलेज प्रवेशाच्या गर्दीत तास वाढवू नका, ते महिने जाऊ द्या. आईला ती नोंद दर आठवड्याला दाखवा. तिचा नकार तुमच्यावरच्या अविश्वासातून आलेला नाही, मागच्या आजारपणाच्या आठवणीतून आलेला आहे. आणि आठ तासांपर्यंत पोचलात तर पगार किती वाढेल, सुट्टी कोणत्या वारी मिळेल, हे मालकांकडून आत्ताच ठरवून घ्या. रविवार सोडू नका.